परत आलेली जांभळी साडी

पिंपळवंडीच्या मंगलला गोदामात बसायला स्टूल मिळालं, ही बातमी तिच्या सासूनं, गोजरबाईनं, तीन गावांत पोचवली. स्टुलाचं एवढं काय कौतुक, असं ज्याला वाटेल त्यानं तिथं एक दिवस काढून बघावा. लोक मोबाइलवरून मागवतात तो माल हायवेकडेच्या त्या गोदामात रचलेला असतो. हातातलं यंत्र रॅकचा नंबर दाखवतं आणि बाया दिवसभर त्या नंबरामागं पळतात. वर्षभर पळून मंगलच्या टाचा कामातून गेल्या, तेव्हा कुठं तिला रिटर्नच्या टेबलावर बसवलं. परत आलेला माल उघडायचा आणि नवा की वापरलेला, ते यंत्रात सांगायचं; वापरलेला निघाला की तो गिऱ्हाइकाकडं माघारी, पैसे नाहीत. महिनाभर नीट जमलं तर स्टूल कायमचं.

गोजरबाईनं बातमीला आपल्या पदरचा मीठमसाला लावलाच. "आमची मंगल हो म्हणल्याबिगर कंपनी कायबी परत घेत न्हाई!"

झालं! मामलेदार कचेरीत आपलं माणूस चिकटावं, तशा गावच्या बाया खूश. सगळ्यांत आधी नणंदेचा फोन, शिनोलीच्या उज्ज्वलाचा.

"वहिनी, जांभळी साडी परत धाडलीय. जरा बघ."

"वन्सं, रविवारच्या लग्नात तीच नेसला व्हता की तुमी! मी शेजारीच जेवत व्हते."

"म्हणून तर तुला सांगते."

चौथ्या दिवशी साडी टेबलावर आली. पदराला मठ्ठ्याचा डाग, घडीत दोन अक्षता, आणि अत्तर असं की अख्ख्या टेबलाचा मांडव झाला. नवी म्हणावं तर पुढच्या तपासणीत पकडणार आणि स्टूल जाणार. वापरलेली म्हणावं तर नणंद जन्माची रुसणार. मंगलनं घडी उलगडली, घातली, परत उलगडली. अक्षता वेचून काढल्या, पुन्हा जागच्या जागी ठेवल्या. मनातल्या मनात सासूचा उद्धार केला. शेवटी मन घट्ट करून 'वापरलेली' दाबलं.

तेवढ्यात जुन्नरची अमरीन आली. ती त्यांची सुपरवायझर.

"मंगलताई, एका साडीला अकरा मिनिटं? दोन मिनिटांचं काम ते!"

"अगं, नणंदेची व्हती."

"मशीनला कुठली आली नणंद? वरून मेसेज आलाय, उद्यापासून परत रॅकला."

"पण मी बरोबरच सांगितलं ना?"

"एकदम बरोबर."

"मग?"

"उशिरा सांगितलं."

साडी शिनोलीला माघारी पोचली, त्या रविवारी उज्ज्वला पिंपळवंडीला आली ती तीच साडी नेसून, डागाची बाजू मुद्दाम पुढं घेऊन. गोजरबाईनं लेकीला चहा दिला, सुनेकडं बघितलंसुद्धा नाही.

"घरच्या माणसाचं एवढं काम व्हईना," उज्ज्वला फणकारली, "जळलं तुझं ते स्टूल!"

"गेलं वन्सं स्टूल. त्याच दिवशी गेलं."

उज्ज्वलानं कप खाली ठेवला. क्षणभर तिला वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"मग जायचंच व्हतं, तर माझी साडी कशाला अडवलीस गं?"