पंचाचं मानधन

हॉकीच्या पंचाला किती मिळतात गं, असं ऑफिसात कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. परदेशात म्हणे त्यावर घर चालतं. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर पोस्टात नोकरी केली आणि रविवारी शाळा-क्लबांच्या मॅचना शिट्टी फुंकली. मानधनाचं पाकीट बसभाड्यात आणि बुटांच्या दुरुस्तीत संपायचं. घरापर्यंत पोचायचा तो फक्त सत्काराचा नारळ, कुंकवाचं बोट लावलेला.

आई मालवणची. परळच्या आमच्या खोलीत रविवारचं वाटण त्याच नारळाचं व्हायचं. "माझो घो पंच आसा, माका नारळ इकत घेवचो लागणा नाय," असं ती कोळणीलाही ऐकवायची.

यंदा अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मैदान कायमचं बंद केलं. घरी आल्यावरच्या पहिल्याच रविवारी ते खिडकीशी बसून होते. आई पिशवी घेऊन खाली उतरली. परत आली ती थेट स्वयंपाकघरात गेली, आणि थोड्या वेळाने तिने अण्णांच्या हातात नारळ ठेवला.

"क्लबवाल्यांनी धाडलो," ती म्हणाली.

अण्णांनी नारळ फिरवून पाहिला. त्यावरचं कुंकू अजून ओलं होतं, आणि आईच्या बोटालाही तेच लागलं होतं. त्यांनी तो कपाळाला लावला.

"त्यांका सांग," ते म्हणाले, "मानधन पावला."