फाटकावरची बोगनवेल

माझ्या आत्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले असायचे. अर्धे ओरखडे बोगनवेलीचे, अर्धे नवऱ्याचे. कुणी विचारलं की ती सगळं वेलीवर ढकलायची. ज्याने माझ्यासमोर तिचं डोकं शिलाई मशीनवर आपटलं, त्याला काका म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

घर तिच्या आईने तिच्या नावावर केलेलं. शाळेचे गणवेश शिवून ते तीच चालवायची. मी दुसऱ्या मशीनवर, तिच्या हाताखाली.

"हाकलून दे त्याला," मी रोज म्हणायचे.

"कसं? अंगाने माझ्या दुप्पट आहे," असं म्हणून ती वेलीकडे जायची.

फाटकावरच्या लोखंडी कमानीला तिने वेल तारांनी बांधली होती. फुलायच्या आधी तीन आठवडे थेंबभर पाणी द्यायची नाही. छाटणी मात्र वरून: आधी तार सोडायची, शेंडा कापायचा, मग खाली यायचं.

त्या दुपारी जेवण गार म्हणून त्याने पट्टा काढला. आत्याचा ओठ फाटला. ती रडली नाही, तोंड पुसून वेलीपाशी गेली. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हिचेच लाड कर," म्हणत त्याने कोयता घेतला आणि खोड बुंध्यातच तोडलं. वेल ढिम्म हलली नाही, तारांवर उभीच. मग कोयता फेकून, कमानीखाली उभा राहून तो दोन्ही हातांनी ओढू लागला. तारा तुटल्या आणि सगळी वेल त्याच्या डोक्यावर कोसळली.

तो जितका झटापट करी तितके काटे रुतत. कान फाटला, पापणीत काटा घुसला, सदरा रक्ताने भिजला. तो गुरासारखा ओरडत होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"हलू नका," आत्या म्हणाली आणि छाटणीची कात्री घेऊन निघाली. आता ही याला सोडवणार, मलम लावणार आणि उद्या पुन्हा मार खाणार, या विचाराने माझं डोकं सणकलं.

पण ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि वळसा घालून रस्त्याच्या बाजूने आली. तिथून एकेक फांदी कापत गेली. घराकडची एकही कापली नाही. तो रांगत रस्त्यावर निघाला. मागे वळला, तर फाटकात पुरुषभर उंचीचे काटे.

"दवाखाना डावीकडे आहे," आत्या म्हणाली. मग आली तशी परत गेली आणि मागच्या दाराला आतून कडी घातली.