पुदिन्यावरच्या अळ्या

कीटकांच्या खात्यात नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. अंड्यांचा एक पुंजका बरणीत ठेवा, आठवड्याभरात बरणी वळवळायला लागते, तसंच हे! साठ सालानंतर मी अकोल्याच्या एका शेती प्रयोगशाळेत असिस्टंट होतो. काम काय, तर अळ्या पाळायच्या, खाऊ घालून लठ्ठ करायच्या आणि मग पावडर टाकून मारायच्या. मंडळी हसतात म्हणून मी हे किस्से सांगत सुटतो. शेवटचा मात्र दर वेळी गाळतो. आज सांगून टाकतो, मला फार दिवस लाज वाटते आहे.

०

आमचे साहेब पुण्याकडचे. पहिल्याच दौऱ्यात त्यांनी एका शेतकऱ्याला कपाशीवरची अळी दाखवून प्रेमाने विचारलं, "काय हो, ही काय खाते?"

तो म्हणाला, "आमचंच खाते, साहेब! आनखी कोनाचं खाईन?"

साहेबांना हा उद्धटपणा वाटला.

०

अमरावतीच्या प्रदर्शनात आमचा स्टॉल होता. काचेच्या पेटीत रुईची पानं आणि त्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या. शेंदूरजनाघाटचा एक संत्रावाला पेटीपुढून हलेचना.

"रुईचा चीक डोयात गेला तं मानूस आंधया होते. अन् हे खाऊन फुगून राह्यली?"

मी ऐटीत म्हटलं, "तिला पचतं ते."

"जहर पचोते, अन् तुमी तिले जहरानंच मारून राहिले? कमाल हाय बुवा!"

सगळा मंडप हसला, मीही हसलो. खरं तर त्याचं वाक्य तिथेच वहीत लिहून घ्यायला हवं होतं. मी पुढच्या माणसाला पत्रक दिलं.

०

आता गयाबाई. ती बार्शीटाकळीकडची, आमच्याकडे रोजंदारीवर होती. छप्पन साली तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला होता. मुलगी शकू अकोल्यात सातवीत शिकत होती, आणि तिच्या शाळेसाठीच बाई शहरात खोली घेऊन राहत होती. अळ्यांचं तिच्याइतकं कोणालाच कळत नसे. नुसती बरणी पाहून ती सांगायची, "हे उद्या कात टाकीन." आणि टाकायची!

आमच्या माठाशेजारी तिचा पेला वेगळा, खिळ्याला टांगलेला असायचा. कायदा झाला होता, भिंतीवर फ्रेममध्ये घटनेची उद्देशिकाही होती. पेला कोणी टांगला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण काढलाही कोणी नाही. मीही नाही.

०

तो मे महिना होता. अळ्यांना रोज एरंडाचा पाला लागे आणि एरंड होता शेताच्या पार टोकाला. अकोल्याचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. साहेबांच्या बंगल्यामागे नळाखाली पुदिना मात्र गर्द माजला होता. मी चार दिवस तोच खुडून घातला. अळ्यांनी आनंदाने खाल्ला! बाईसाहेबांना वाटलं गाय शिरते, म्हणून त्यांनी कुंपण घालून घेतलं.

पाचव्या दिवशी पावडरची चाचणी होती. त्या दिवशी मी शहाण्यासारखा एरंड आणला. गयाबाईने पावडर मोजून पानांवर टाकली. नेहमी दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या अळ्या मेलेल्या असायच्या. या वेळी निम्म्याहून अधिक जिवंत, वर पान कुरतडत होत्या!

साहेब भडकले. "पावडर टाकलीच नाहीस तू!"

"टाकली जी. पन पाला बदलला हाय. रोज कडू-तिखट खानाऱ्याले एक दिवसाच्या जहरानं काय होते?"

साहेब हसले आणि माझ्याकडे वळले. "काय हो, पाला बदलला होता?"

माझी नोकरी पक्की व्हायला दोन महिने उरले होते. मी म्हटलं, "नाही सर."

त्याच संध्याकाळी गयाबाईचं नाव मस्टरवरून कमी झालं. जाताना तिने खिळ्यावरचा पेला काढून पदराखाली घेतला. मी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलो होतो. काचेखाली काहीच नव्हतं.

०

काही वर्षांनी एक पाहुणे व्याख्यानाला आले. म्हणाले, झाडं स्वतःला वाचवायला पानात विष करतात. ते खाणाऱ्या अळीच्या आतड्यात विष फोडणारी एन्झाइम्स वाढतात, आणि मग आपलं औषधही ती त्याच हत्यारांनी फोडते!

साहेब माझ्या कानाशी वाकले. "एवढं साधं आपल्या खात्यात कुणाला सुचू नये?"

मी टाळ्या वाजवल्या. तहान लागली होती, तरी माठाकडे जायचा धीर झाला नाही.

०

पुढच्या रविवारी एसटीने तिच्या गावी गेलो. गयाबाई दारात पाटा-वरवंटा घेऊन बसली होती. "या बाबू," म्हणाली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: ऊन, नळ, पुदिना, "नाही सर".

वरवंटा थांबला नाही.

"मले मालूम होतं. अळ्यांच्या लेंड्यायले पुदिन्याचा वास येत होता."

"मग तेव्हा का नाही बोललात?" आयुष्यात पहिल्यांदा मी तिला अहो-जाहो केलं.

"बोलली ना. पाला बदलला म्हनलं. कोनं बदलला, थे मले कोनं इचारलं?"

मला तिच्याकडे बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "शकू? मॅट्रिक झाली असेल ना?"

"शाळा तवाच सुटली तिची. लोकायच्या वावरात निंदाले गेली हाय."

मी निघायला लागलो, तर तिने हाताने बस म्हणून खुणावलं. आत जाऊन ताट आणलं, त्यात भाकर ठेवली, पाट्यावरून हिरवीगार चटणी काढून वाढली. पुदिन्याचा वास घरभर झाला. खिळ्यावरून नेलेला तोच पेला पाण्याने भरून तिने ताटाशी ठेवला.

मी भाकरीला हात लावू शकलो नाही.

"खा, बाबू," गयाबाई म्हणाली. "सवयीनं पचते."