पार म्हणजे कुठला काठ

मुक्ता, निशांत — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईलाही नाही. मग आताच का? गेल्या रविवारी मुक्ता फोनवर सांगत होती, तुमच्या गावासमोरच्या समुद्री उद्यानात मासेमारी कुठे बंद करायची यावरून भांडण चाललंय, आणि बाबा हौसेने गळ टाकतात तो खडकही बंद होईल म्हणून बाबा चिडलेत. मग तिने विचारलं, "आजी, तू असतीस तर रेघ कुठे ओढली असतीस?"

मी म्हटलं, आवाज येत नाही. फोन ठेवला.

आवाज स्वच्छ येत होता.

अशी एक रेघ मी ओढलेली आहे. समुद्र नव्हता — भिलाईहून उतईकडे जाताना एक जुना तलाव लागतो, तो. तिथे मरळ मासा होता. पावसाळ्यात मरळीची पिल्लं शेंदरी रंगाच्या घोळक्याने वर येतात, आणि आईबाप खालून पहारा देतात. त्या दिवसांत गळ टाकला की आधी तेच लागतात, आणि ते गेले की पिल्लं इतर मासे खाऊन टाकतात. म्हणून तलावाच्या समितीने ठरवलं, एक काठ कायमचा बंद, दुसरा हौशी लोकांना खुला. योग्यच होतं ना? मला आजही योग्यच वाटतं.

समितीची सचिव मी. माझं इंग्रजी चांगलं, अक्षर नीट, वह्यांना कव्हरं. अध्यक्ष दक्षिणेकडचे, त्यांना हिंदीही बेताची, छत्तीसगढी मुळीच नाही. म्हणून तलावाचा राखणदार बिसाहू बोलायचा आणि मी त्याचं इंग्रजी करायची. बिसाहू केवटाचा, म्हणजे नावाडी-कोळ्यांच्या घरातला, त्याच पाण्यावर वाढलेला. पिल्लं कुठे असतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तो म्हणाला, "पार मा पिला हे मैडम, पार ला बंद करव." पिल्लं पाराशी आहेत, पार बंद करा.

आपल्या मराठीत पार म्हणजे वडाभोवतीचा ओटा. हिंदीत पार म्हणजे पलीकडे. आणि इथल्या छत्तीसगढीत — तलावाचा बांध. रस्त्याकडचा, अलीकडचा बांध. या गावात वीस वर्षं काढल्यावर मला ते कळत नव्हतं असं म्हणू? कळत होतं.

त्याच बांधावर एक सपाट दगड होता. रिटायर झाल्यापासून तुमचे आजोबा घरात येरझारा घालायचे, आणि त्या दगडावर गळ घेऊन बसले की शांत व्हायचे. आदल्याच दिवशी डबा भरून देताना ते हसत म्हणाले होते, "पार बंद केला त मी का बाथरूमच्या बादलीत गळ टाकू? मले कावून घरी बसवून राहिली तू?" ते विनोदच करत होते. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

मी वहीत लिहिलं — द फार साइड. पलीकडचा काठ.

शाई फिसकटली नाही. इतकं सोपं असतं ते? मला याचाच धक्का बसतो, इतक्या वर्षांनीसुद्धा.

मासेमारी बंदचा बोर्ड पलीकडे लागला तेव्हा बिसाहू विचारायला घरी आला. मी म्हटलं, साहेब लोकांनी ठरवलं. त्याने मान हलवली आणि चहा न घेता गेला.

त्या पावसाळ्यात एका सकाळी मी डबा घेऊन बांधावर गेले. आजोबांनी मरळ ओढून काढली होती, हाताएवढी, खुशीत होते. मी पाण्याकडे पाहिलं. शेंदरी घोळका तिथेच घुटमळत होता. मग खालून काहीतरी आलं आणि घोळका अर्धा झाला. मग आणखी कमी. थोड्या वेळाने पाणी नुसतं पाणी होतं. मी डब्याचं झाकण उघडून दिलं. पोळ्या गरम होत्या.

दोन पावसाळ्यांत मरळ संपली. समितीत म्हणू लागले, राखणदाराने जागाच चुकीची दाखवली, त्याला काढा. बिसाहूला बोलावलं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "मैं तो पारेच कहे रहेंव, मैडम."

मी तर पारच म्हटलं होतं.

अध्यक्षांनी मला विचारलं, काय म्हणतोय? तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. एकच! चूक माझी म्हणून सांगितलं असतं तरी ती चूकच ठरली असती, गुन्हा कुणी म्हटलं नसतं. मी इंग्रजीत म्हणाले — तो कबूल करतोय, सर. पलीकडचा काठच म्हणाला होता.

त्याला इंग्रजी येत नव्हतं. माझा चेहरा मात्र त्याला वाचता आला असावा, कारण कुणी सांगायच्या आधीच तो वळून बाहेर गेला. त्याला काढलं; पुढे तो हथखोजला एका कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसायचा. मी दोनदा त्या रस्त्याने गेले. दोन्ही वेळा पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले. आता तो नाही.

आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, बिसाहूले मासे समजत होते, त्यानं अशी चूक कशी केली? मी भाजी चिरत असायची.

इतिवृत्ताची वही माझ्या कपाटात आहे, कव्हर घातलेली. बोर्डही आहे — पलीकडच्या काठावर, जिथे मरळ कधीच नव्हती. रंग उडालाय, पण वाचता येतो.