साळवे मामांचा घरातला साउंड

गुढीपाडव्याच्या आदल्या गुरुवारी, सकाळी साडेअकराला, परभणीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आम्ही तिघे होतो: साळवे मामा, मी आणि दुकानदार. मामांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात एकोणीस हजार रुपये होते, पाचशेच्या अडतीस नोटा. गंगाखेडहून येताना गाडीत मी त्या दोनदा मोजल्या होत्या. मामांनी एकदाही मोजल्या नव्हत्या.

दुकानदाराने काउंटरवर एक काळा डबा ठेवला. ॲम्प्लिफायर, रेडिओ, दोन स्पीकर, सगळे त्या एकाच डब्यात. वायफाय जोडले की इंटरनेटवरून हवे ते गाणे थेट वाजते. "मामा, हा खरा स्टिरिओ आहे," दुकानदार म्हणाला. "डाव्या बाजूनं पेटी, उजव्या बाजूनं ढोलकी."

मामांनी उजवा कान त्याच्याकडे केला. "मला एकच बाजू राह्यलीय, मालक. दुसरीचे पैसे कापून घ्या."

दुकानदार हसला. मग मामांनी त्याला सांगितले, "आता लावा गाणं, आन् तुमी त्या समोरच्या पानपट्टीपाशी जाऊन हुभे ऱ्हा. ऐकू आलं की हात वर करा." दुकानदार हसायचा थांबला. गिऱ्हाईक गल्ल्याजवळ सोडून रस्ता ओलांडायला तो काही तयार झाला नाही, आणि आम्ही तसेच बाहेर पडलो.

दिगंबर साळवे हे आमच्या गल्लीतले साउंडवाले. मी एका खासगी शाळेत लेखनिक आहे. माझे घर आणि त्यांचे घर यांत एक भिंत. ते जाऊन आता वर्ष होत आले. गंगाखेड, सोनपेठ आणि आसपासच्या खेड्यांत छत्तीस वर्षे त्यांनी कर्णे बांधले. भीमजयंती, लग्ने, सप्ताह, शाळांची गॅदरिंग, निवडणुकीच्या सभा, काहीच सोडले नाही. स्टेजच्या बाजूला कनातीमागे पालथ्या खोक्यावर बसलेला, एक हात ॲम्प्लिफायरच्या बटणावर ठेवलेला बारीक माणूस तालुक्यात बहुतेकांनी पाहिलेला असेल. नाव कमी जणांना माहीत असेल.

माइक तपासताना मामा 'हॅलो, हॅलो' म्हणत नसत. ते मांडवाच्या टोकाकडे बघून विचारत, "लिंबाखालच्या बाई, ऐकू यायलंय का?" लिंबाखालच्या बाईने हात वर केला की तपासणी संपली. "आवाज मोठा नको, पोचता पायजे," हे त्यांचे वाक्य. एका कार्यक्रमात मोठे पाहुणे बोलायला उभे राहिले आणि मागच्या दोन रांगांचे हात काही वर येईनात. मामांनी माइक बंद केला. कार्यकर्ते धावत आले. मामा कनातीमागून उठले, एका कर्ण्याचे तोंड फिरवले, पुन्हा येऊन बसले आणि म्हणाले, "आता बोला साब. आत्तापोत्तर फकस्त पुढच्यांनाच सांगायलतात." त्या दिवशी त्यांच्या बिलातून दोनशे रुपये कापले गेले. त्याचे त्यांना काही वाटले नाही.

कर्ण्यांनीच त्यांचे कान नेले. डावा आधीच गेला होता. त्या गुरुवारी दुकानात जाण्यापूर्वी आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. उजव्या कानाचा आलेख दाखवून ते म्हणाले, "हा वर्षभर टिकेल, कदाचित कमी. एकाएकी ऐकू येईनासं झालं, तर दोन-तीन दिवसांच्या आत या. तेवढ्यातच काही करता येतं." मी हे वाक्य डायरीत लिहून घेतले. मामींना, म्हणजे कौसल्यामामींनाही सांगितले.

परतताना मधल्या एका स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली. तिथे मामांनी मला डब्याचे कारण सांगितले. ॲम्प्लिफायर, सहा कर्णे आणि माइक त्यांनी सोनपेठच्या एका मंडपवाल्याला विकले होते. एकोणीस हजार त्याचेच.

"मुनीमसाब," ते मला कायम असेच म्हणत, "मी गाणी वाजवली. ऐकली न्हाईत."

"म्हणजे?"

"समदा जीव मशीनच्या काट्याकडं. कर्णा शिट्टी मारंल का, जनरेटर बसंल का. गाणं कुनाला ऐकू यायलंय?" मग त्यांनी एका भीमगीताचे नाव घेतले. छत्तीस जयंत्यांना त्यांनी ते वाजवले होते. पण तिसऱ्या कडव्याला हार घालायची वेळ व्हायची, माणसे स्टेजवर चढायची, वायर तुडवायची, आणि मामा वायरीमागे धावायचे. "तिसऱ्या कडव्यात गाणारी बाई चाल बदलती म्हनत्यात. मला म्हाईतच न्हाई. कान हाय तवर एकदा बसून ऐकायचंय. चांगल्या साउंडवर, आपल्या घरी."

मी म्हणालो, "माझ्या मोबाइलवर आत्ता लावतो."

"मोबाइलवर? छत्तीस साल थांबलो ते डासाचं गुनगुन ऐकायला का?"

गंगाखेडच्या एका ओळखीच्या दुकानदाराने डबे पसंतीवर द्यायचे कबूल केले. घरी नेऊन दोन दिवस वाजवून बघायचे, नाही आवडले तर परत. मी वहीत रकाने आखले: किंमत, वॅट, वॉरंटी, वायफाय कुठवर पकडते, इंटरनेट गेले तर काय वाजते. मामांनी सांगितलेल्या एक्केचाळीस गाण्यांपैकी चौतीस मला इंटरनेटवर सापडली. ते भीमगीत त्यात होते.

मामांचा रकाना एकच होता. पहिला डबा त्यांच्या बैठकीच्या खोलीत ठेवला, दार-खिडक्या उघडल्या, आणि मला गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीपाशी पाठवले. तिथून मला काही ऐकू आले नाही. मी हात वर केला नाही. डबा परत गेला. दुसरा वैशाखात आला. तो तिसऱ्या घरापर्यंत पोचला. तोही परत गेला.

मी त्यांना समजावले, "मामा, खोली दहा बाय बारा आहे. गिरणीपाशी कोण बसणार आहे ऐकायला?"

"ज्या साउंडला हितं दम न्हाई, त्येच्यात आतलं बारीक काय निघनार? तुमाला आकडे कळत्यात, मुनीमसाब. साउंड मला कळतो."

या तपासण्यांत गाणे वाजायचे, पण मामा खिडकीतून माझ्या हाताकडे बघत असायचे. पहिले कडवे झाले की ते बंद करायचे. तिसरे त्यांनी राखून ठेवले होते. "पसंत झाल्याबिगर तिसरं न्हाई."

तिसरा डबा जूनच्या शेवटी आला. किंमत बरोबर एकोणीस हजार. मी गिरणीकडून परत आलो आणि खरे ते सांगितले: पाचव्या घरापर्यंत. मामांनी वायर गुंडाळायला घेतली. तेव्हा मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हाताला पीठ होते.

"कुनासाठी गल्ली मोजायलाव?" त्या म्हणाल्या. "शेवटचा मानूस आता तुमीच हाव."

मामांचा हात वायरीवर थांबला. गुंडाळलेली वायर सोडून ते मला म्हणाले, "ह्योच घ्या."

इथे माझी चूक येते, आणि ती मला लिहिली पाहिजे. मी म्हणालो, "मामा, घाई कशाला? दुकानदार सांगतो, दसऱ्याला यावर बावीसशे रुपये सूट आहे. तीन महिन्यांचा प्रश्न." माझ्या वहीत एका बाजूला बावीसशे होते. दुसऱ्या बाजूला लिहायला मला आकडा सापडला नाही, म्हणून मी तिथे काहीच लिहिले नाही. पैशाच्या बाबतीत मामांनी मला कधी नाही म्हटले नव्हते.

"तुमी म्हनता तर थांबू. छत्तीस सालात तीन म्हैने काय," ते म्हणाले. मी डबा माझ्या हाताने दुकानात पोचवला.

भाद्रपदात मामांना ताप आला. चार दिवसांत उतरला. नंतर ते नेहमीसारखे ओट्यावर बसत, मी शाळेतून आलो की हात वर करत. साउंडवाल्याचे सगळे बोलणे उभ्या जन्मात खुणांनीच झालेले. वाजत्या कर्ण्याखाली कोण काय ऐकणार? वाढव, कमी कर, पाणी आण, जेवलो, उद्या ये, प्रत्येकाला त्यांची खूण होती. मामींनाही त्या सगळ्या पाठ होत्या, आणि त्या घरात निम्मे बोलणे पहिल्यापासून हातांनीच चाले. त्यामुळे उजवा कान नक्की कोणत्या दिवशी गेला, हे भिंतीपलीकडे मला नाही आणि एका ताटात जेवणाऱ्या मामींनाही कळले नाही. मामांना अर्थात कळले असणार. ते बोलले नाहीत. तापाने कानाला दडा बसलाय, सुटेल, असे त्यांनी धरले असावे.

दसऱ्याला सकाळी मी मामांच्या एकोणीस हजारांतले सोळा हजार आठशे देऊन डबा आणला. मामा आंघोळ करून, परीटघडीचा पांढरा सदरा घालून खुर्चीवर बसले होते. छत्तीस वर्षे पालथ्या खोक्यावर बसलेला माणूस पाठ टेकून बसला, हे मी प्रथमच पाहिले. मी वायफाय जोडले, गाणे लावले. आवाज खरोखर सुंदर होता. ढोलकीवर बोट घासल्याचे ऐकू येत होते. पहिले कडवे गेले, दुसरे गेले. तिसऱ्याला बाईंनी चाल बदलली. एकदम खाली आणली, जवळ बसून सांगितल्यासारखी. मामी पदराने डोळे पुसत दारात उभ्या राहिल्या.

मामा डब्याकडे नीट बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"लावा की आता," ते म्हणाले. "कशाची वाट बघायलाव?"

मामींनी माझ्याकडे पाहिले. मी आवाज वाढवला. गल्लीतली दोन माणसे दारात डोकावली. मामांनी त्यांच्याकडे पाहिले, मामींच्या डोळ्यांकडे पाहिले, आणि त्यांना समजले. त्यांनी हाताने खूण केली: कमी कर.

मी गाणे मागे नेले आणि ऐकत ऐकत तिसऱ्या कडव्याच्या चार ओळी वहीच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहून त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या बोट ठेवून वाचल्या.

"शब्द चांगले हायत," ते म्हणाले. "चाल लिवता येती का, मुनीमसाब?"

मी मान हलवून नाही म्हणालो. त्यांनी कागद घडी करून मला परत दिला.

सोमवारी आम्ही तिघे परभणीला गेलो. डॉक्टरांनी ताप कधी आला ते विचारले, दिवस मोजले आणि पेन खाली ठेवले. कानाच्या मशीनचाही आता उपयोग नाही, म्हणाले. उगाच पैसे घालू नका. मामींनी हात जोडून पुन्हा पुन्हा विचारले, म्हणून त्यांनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. मामा भिंतीवरचे कानाचे चित्र बघत बसले होते.

सूट मिळून वाचलेले बावीसशे रुपये माझ्याकडेच होते. त्यातून तपासणीचे बाराशे डॉक्टरांना दिले आणि खालच्या औषधाच्या दुकानात नऊशे ऐंशी. राहिलेले वीस रुपये मी मामींच्या हातावर ठेवले.