गुडघा लपवायची सवय

नव्वदच्या दशकात मी साताऱ्याकडून कबड्डी खेळायचे. चढाईला गेले की समोरच्या पोरी मागं सरकायच्या, म्हणून स्वतःला वाघीण समजायचे. सांगलीच्या सामन्यात उजवा गुडघा दुखावला. पुढच्या महिन्यात एका कंपनीच्या संघाची निवड होती. त्यात आले तर पगारी नोकरी मिळणार होती. त्याआधीच औंधहून पाहुणे मला बघायला आले.

पोहे झाल्यावर मुलाची आत्या म्हणाली, "जरा चालून दाखव गं."

लंगडले असते तर पाहुणे उठून गेले असते आणि मी सुटले असते. पण दुखणं समोरच्या संघाला दिसू द्यायचं नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की ही शहाणी ताठ मानेनं दारापर्यंत जाऊन परत आली.

"चाल झ्याक हाय," आत्या म्हणाली. "पर लगीन झाल्यावर खेळ बंद हां."

वडिलांनी लगेच साखर वाटली. वाघीण खाली मान घालून उभी.

आत जाऊन गुडघा धरून बसले, तर आई हळूच म्हणाली, "आता लंगड हवं तेवढं."

निवडीच्या दिवशी मला हळद लागत होती. गुडघा तोवर ठणठणीत बरा झाला होता.