धनमायेचे डोहाळे

थंडीत लोणी देवकरच्या उसाला तुरे आले की धनमाया दारात बसून बघत राहते. वाऱ्यानं ते पांढरे तुरे हलले की तिला नेपाळातलं गाव दिसतं, घरामागचा बर्फाचा डोंगर दिसतो. इकडे चुलीवर भात करपतो आणि बाई डोंगरावर! तिचा नवरा टेकबहादूर कंपनीत वॉचमन. बिचारा करपलेला भात निमूट खातो.

तिला मोठ्या आतड्याचा जुना आजार. आत जखमा होतात, कळा येतात, रक्त पडतं. बारामतीच्या डॉक्टर अंजलींनी रोजच्या गोळ्या दिल्या, तेव्हा कुठे ती माणसात आली. मग दिवस राहिले. पोट दिसायला लागलं तशा घरमालकीण केसरबाईंनी तिच्या गोळ्या काढून आपल्या कपाटात कुलूपबंद केल्या.

"पोटुशी बाईनं औषधं खायची नस्त्यात. बाळाला बाधत्यात."

केसरबाईंची माया खरी, पण आवाज फौजदाराचा. परक्या मुलखात धनमायेला आईच्या जागी दुसरं होतं तरी कोण? तिनं मान डोलावली.

पुढच्याच महिन्यात रक्त पुन्हा सुरू झालं. सांगायची लाज वाटे. ती वाळत चालली, सारखी संडासकडे पळू लागली, आणि केसरबाई कौतुकानं म्हणत, "डोहाळं लई कडक हायत पोरीचं!" मी शेजारीण, त्या कौतुकाचा मला आजही राग येतो.

सातव्या महिन्यात केसरबाईंनीच डोहाळजेवण मांडलं. अंगणात झोपाळा, हिरवी साडी, शेवंतीचे दागिने. झोका संथ जात होता. आम्ही बायका गात होतो, आणि धनमाया अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी कुठेतरी लांब पोचली होती. आमची गाणी डोंगरापलीकडून येत होती, असं तिनं मागाहून सांगितलं.

"काय खावंसं वाटतंय, बोल," केसरबाई म्हणाल्या. "आज मागशील ते मिळंल. गरवार बाईचं मागणं मोडायचं नसतंय."

"मावशी, मला माझी गोळी पायजे. लई रक्त जातंय. बाळबी सकाळपासनं हललं न्हाय."

गाणं जागच्या जागी थांबलं. शब्द केसरबाईंचाच होता. त्यांनी मुलाला, रणजितला, हाक मारली आणि फुलांसकट पोरीला गाडीत घातलं. मीही चढले. बारामतीपर्यंत दोन्ही बाजूंनी तुरे पळत होते आणि धनमाया हसत होती. बाळाला घेऊन आपण माहेरी निघालोय, असं तिला वाटत होतं. मला मात्र रडू आवरत नव्हतं.

डॉक्टरांनी पोटावर यंत्र ठेवलं. खोलीभर बाळाची धडधड ऐकू आली, तशा केसरबाईंनी त्या यंत्रालाच हात जोडले.

"या गोळ्या गरोदरपणात चालतात," डॉक्टर म्हणाल्या. "बंद केल्या म्हणूनच आजार उसळला. मला एकदा विचारायचं तरी!"

धनमायेला रक्त चढवलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. फाल्गुनात मुलगी झाली. वजनाला हलकी, पण आवाज थेट केसरबाईंचा.

बारशाला कुणीतरी सहज विचारलं, "हिला डोहाळं कसलं लागलं होतं वो?"

पाळण्याची दोरी हातात धरून केसरबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "गोळ्यांचं. आन् त्या मी कुलपात घातल्या व्हत्या."